टी-५ गिअरबॉक्सवर हायड्रॉलिक रिलीज बेअरिंगचं किट: घ्यावं का, आणि बसवताना कुठं अडतं

निकाल आधीच सांगून टाकतो. क्लच दाबणारं बेअरिंग केबलऐवजी ऑइलच्या दाबानं ढकलणारं हे किट चांगलं आहे. अॅल्युमिनियमचं अंगभर मशीन केलेलं बेअरिंग, स्टीलच्या जाळीचे दोन होज, बदलता येणारे सील, सगळं नीटनेटकं. पण व्हर्निअर आणि डायल गेज हाताशी नसेल, किंवा 'अंदाजे बसवू, मग बघू' असा बेत असेल, तर पैसे घालू नका. हे बेअरिंग बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या घंटेसारख्या कवचाच्या, पोटात बसतं. चूक झाली की गिअरबॉक्स पुन्हा खाली आणि सगळी मजुरी दुसऱ्यांदा.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. गिअरबॉक्सच्या पुढच्या झाकणाच्या (रिटेनरच्या) नळीवर सरकवून बसवायचं, म्हणजे स्लिप-ऑन प्रकारचं हे बेअरिंग परदेशातले बरेच जण बनवतात. रचना जवळपास एकच असल्यानं खालचं सगळं त्यातल्या कुठल्याही किटला लागू पडतं.

टी-५ हा मूळचा बोर्ग-वॉर्नरचा पाच गिअरांचा हलका गिअरबॉक्स. १९८३ पासूनच्या फोर्ड मस्टँगमुळे तो गाजला आणि सिएरा कॉसवर्थमध्येही तोच होता. इंजिन बदललेल्या, हातानं बांधलेल्या दोन-सीटर गाड्यांत तो आजही आवडीनं घालतात. अशा गाडीत मूळचा फोर्क (बेअरिंग ढकलणारा दांडा) आणि केबल ठेवायची म्हटलं की अडचण सुरू होते. एक्झॉस्टचा पाइप नेमका फोर्कच्या तोंडाशी येतो, केबलला सरळ वाट मिळत नाही, तापून ती कडक होते. कन्नडच्या औट्रम घाटात गाड्यांच्या रांगेमागं तासभर अर्ध्या क्लचवर चढायची वेळ आली की डाव्या पायाला फरक कळतो. फोर्क काढून हायड्रॉलिक बेअरिंग टाकलं की ही कटकट संपते. मात्र तुमचा फोर्क नीट चालतोय आणि केबलला जागा आहे, तर निव्वळ हौसेपायी बदल करू नका. केबल तुटली तर रस्त्याच्या कडेला अर्ध्या तासात बदलता येते, आतला सील फुटला तर गाडी टो करावी लागते.

किटमध्ये बेअरिंग, ऑइल येण्याचा एक होज, हवा काढण्याचा दुसरा होज, बेअरिंगचं अंग फिरू नये म्हणून एक स्टड, थोडे शिम (जाडी भरून काढणाऱ्या चकत्या) आणि जास्तीच्या ओ-रिंग येतात. मास्टर सिलिंडर (पेडलनं ऑइल ढकलणारा पंप) येत नाही. माहितीपत्रक दोन पानी आणि सगळी मापं इंचात. या किटची सर्वात कच्ची बाजू तीच, कारण सगळं काम ज्या एका मापावर उभं आहे त्याला पत्रकात चार ओळी दिल्यात.

ते माप म्हणजे गॅप. बेअरिंग पूर्ण आत दाबलेलं असताना त्याचं तोंड आणि प्रेशर प्लेटच्या फिंगर (मध्याकडं आलेल्या स्प्रिंगच्या पट्ट्या, ज्या दाबल्या की क्लच सुटतो) यांच्यातलं अंतर. बहुतेक पत्रकं ०.१५० ते ०.२०० इंच सांगतात, म्हणजे ३.८ ते ५ मिमी. जुन्या मिस्त्रींच्या भाषेत सव्वा ते दीड सूत. तुमच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

इथं हमखास एक गैरसमज होतो. या बेअरिंगला परतीची स्प्रिंग नसते. हवा काढताना पेडल दाबलं की बेअरिंग पुढं येऊन फिंगरला टेकतं आणि नंतर तिथंच हलकं टेकून फिरत राहतं. मग ४-५ मिमी गॅप ठेवायचाच कशाला? तो क्लच प्लेटच्या झिजेसाठी. प्लेट झिजते तशा फिंगर गिअरबॉक्सच्या दिशेनं मागं येतात, आणि लिव्हरच्या गणितामुळं त्या प्लेटच्या झिजेच्या साधारण तिप्पट सरकतात. १.५ मिमी झीज म्हणजे फिंगर ४.५ मिमी मागं. तेवढी जागा बेअरिंगच्या मागं नसेल तर पिस्टन तळाला टेकतो, फिंगर अडतात आणि पाय पेडलवर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. नवी प्लेट जळते आणि दोष प्लेटवर येतो.

उलट गॅप जास्त ठेवला तर पिस्टनला फार बाहेर यावं लागतं. पत्रकात पिस्टनची एकूण चाल दिलेली असते. गॅप अधिक फिंगर दाबायची चाल अधिक २ मिमी, ही बेरीज त्या आकड्याच्या आतच हवी. बेरीज वर गेली की सील बोअरच्या काठाबाहेर येतो आणि सगळं ऑइल एका दमात बेल हाउसिंगमध्ये.

आता मोजायचं कसं. फ्लायव्हील, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट शेवटच्या टॉर्कवर आवळून घ्या. इंजिन आणि बेल हाउसिंगमध्ये पत्र्याची प्लेट येत असेल तर तीही लावा, ती विसरली तर तिच्या जाडीइतकं माप चुकतं. बेल हाउसिंग इंजिनवर बसवा. गिअरबॉक्स जिथं टेकतो त्या मागच्या फेसवर सरळ पट्टी आडवी ठेवून फिंगरच्या टोकापर्यंतची खोली मोजा आणि पट्टीची जाडी वजा करा. पट्टीची जाडी वजा करायची राहून जाते, ही या कामातली सगळ्यात सामान्य चूक. हे झालं माप 'अ'. दुसरं माप गिअरबॉक्सवर: बेअरिंग रिटेनरवर सरकवून, हातानं पूर्ण दाबून धरून, गिअरबॉक्सच्या जुळणाऱ्या फेसपासून बेअरिंगच्या तोंडापर्यंतची उंची. हे 'ब'. दोन्ही मापं तीन-तीन ठिकाणी घ्या. फिंगर एकमेकींपासून वरखाली निघाल्या तर प्रेशर प्लेटचे बोल्ट एकसारखे आवळलेत का ते आधी पाहा.

समजा 'अ' आलं ६१.४० आणि 'ब' ५४.१०. फरक ७.३० मिमी. हवाय ४.५०, म्हणजे बेअरिंगच्या मागं २.८० मिमीचा शिम. किटमधल्या शिमनं ही जाडी जुळेलच असं नाही. तीन पातळ शिम एकावर एक चढवण्यापेक्षा एकच जाड शिम करून घेतलेला बरा. वाळूज, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत सरफेस ग्राइंडर असलेलं छोटं वर्कशॉप शोधायला कष्ट पडत नाहीत. स्टीलचा शिम मागा, दोन्ही फेस ग्राइंड करायला सांगा आणि जाडीत चारही बाजूंनी ०.०३ मिमीपेक्षा जास्त फरक नको असं ठासून सांगा. नुसता लेथवर कापलेला शिम धकत नाही. त्याची एक बाजू किंचित जाड राहिली की बेअरिंग तिरकं बसतं आणि फिंगरवर घासत चालतं.

हे मोजून झाल्यावर फ्लायव्हील फेसिंगला पाठवायचं नाही. फेस अर्धा मिमी कापला की सगळा क्लच तेवढाच इंजिनकडं सरकतो आणि गॅप अर्ध्या मिमीनं वाढतो. पुढं वेगळ्या जाडीची प्लेट टाकली तर फरक तिपटीनं पडतो. म्हणून नवी क्लच प्लेट म्हटलं की माप पुन्हा.

बेअरिंगच्या तोंडाचा आकारही किट मागवतानाच तपासा. फिंगरची टोकं गोलाईत वळलेली असतील तर सपाट तोंडाचं बेअरिंग, फिंगर सपाट असतील तर गोलाई दिलेल्या तोंडाचं. सपाटावर सपाट बसवलं तर दाब काठावर येतो आणि थोड्याच दिवसांत फिंगरवर चकचकीत खाच पडते.

टी-५ ची स्वतःची एक गोष्ट आहे, जी किटच्या पत्रकात सापडत नाही. त्याचा मूळ फ्रंट रिटेनर अॅल्युमिनियमचा. जुनं बेअरिंग वर्षानुवर्षं त्याच्या नळीवर सरकून खाचा पडलेल्या असतात. नखानं चाचपून बघा. नख अडलं तर त्या नळीवर नवं बेअरिंग सरळ बसणार नाही, स्टीलचा रिटेनर घ्या. पण रिटेनर म्हणजे नुसतं झाकण समजू नका. टी-५ च्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग टेपर रोलरचं आहे आणि त्याचं सेटिंग रिटेनरच्या आतल्या शिमवर असतं. जुन्या रिटेनरमधला शिम तसाच उचलून नव्यात टाकला तर माप जुळेलच याची खात्री नाही. डायल गेज लावून शाफ्टचा पुढं-मागं खेळ बघा. तो शून्याच्या अगदी जवळ हवा, पण शाफ्ट हातानं मोकळा फिरलाही पाहिजे. गच्च झाला तर बेअरिंग तापून मरतं. रिटेनरच्या आतली ऑइल परतीची खाच खालच्या बाजूलाच आली पाहिजे, उलटी बसली तर पुढचा सील गळत राहतो. इथं पॅकिंग नसतं, सिलिकॉन लावतात. पातळ थर पुरे.

फिरू न देणारा स्टड रिटेनरच्या एका बोल्टच्या जागी जातो. लॉकटाइट लावून आवळा आणि त्याचं टोक क्लच कव्हरला कुठंही लागत नाही ना ते पाहा. हा स्टड सैल सुटला तर बेअरिंगचं अंग शाफ्टबरोबर फिरायला लागतं आणि पहिल्याच फेरीत दोन्ही होज तुटतात.

बेल हाउसिंग क्रँकशी एककेंद्री आहे का, हे तपासायची तसदी आपल्याकडं क्वचितच कुणी घेतं. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवा, काटा बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला लावा आणि क्रँक पूर्ण एक फेरी फिरवा. एकूण फरक ०.१३ मिमीच्या आत हवा. समजा ०.३० आला, तर केंद्र त्याच्या निम्म्यानं, ०.१५ मिमीनं सरकलंय. तेवढ्या ऑफसेटची डॉवेल पिन (बेल हाउसिंगची जागा पक्की करणारी, मुद्दाम तेवढी बाजूला सरकवलेली खुंटी) घालून ते जागेवर आणता येतं. फोर्कच्या जुन्या बेअरिंगला हा दोष थोडाफार पचतो. इथं मात्र बेअरिंग रिटेनरवर घट्ट असल्यानं दर फेरीला फिंगरवर घासतं आणि आवाज करतं.

होजच्या बाबतीत मोंढ्यातल्या दुकानांविषयी स्पष्ट बोललं पाहिजे. जालना, परभणी, नांदेड, लातूर, कुठंही जेसीबी-ट्रॅक्टरचे होज क्रिम्प करून देणारे आहेत आणि त्यांचं काम चांगलं असतं. पण तो होज खनिज तेलासाठीचा, आतून नायट्राइल रबरचा. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं. त्यात नायट्राइल फुगतं, मऊ पडतं, आणि त्याचे काळे कण बेअरिंगच्या सीलपर्यंत पोचतात. होज आतून पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) आणि वरून स्टील जाळीचाच हवा. त्या दुकानातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे फिटिंग. हायड्रॉलिकवाल्यांची जेआयसी फिटिंग ३७ अंशांची असते आणि रेसिंगच्या होजचं तोंडही ३७ अंशांचंच. ४ नंबरला दोन्हीचा आटा ७/१६ इंच, २० टीपीआय (इंचाला २० आटे). गाडीच्या ब्रेक पाइपचं फ्लेअर (पसरवलेलं तोंड) मात्र ४५ अंशांचं असतं. ती जोडी जुळल्यासारखी वाटते, आवळलीही जाते, आणि पहिल्या जोरदार पेडलला पाझरते. फ्लेअरच्या जोडाला टेफ्लॉन टेप लावू नका. तिथं सील धातूवर धातू बसून होतो आणि टेपचा तुकडा आत गेला तर मास्टर सिलिंडरचं बारीक भोक बुजतं.

ओ-रिंगचंही असंच. बेअरिंगच्या दुकानात त्याच मापाची काळी ओ-रिंग काही रुपयांत मिळते, पण ती बहुधा नायट्राइलची. इथं ईपीडीएम रबराची लागते. दोन्ही दिसायला सारख्याच, म्हणून किटमधल्या जास्तीच्या ओ-रिंग पाकिटासकट जपून ठेवा. सील बसवताना ग्रीस किंवा व्हॅसलिन लावू नका, स्वच्छ ब्रेक ऑइलचा हात पुरतो.

आता मास्टर सिलिंडर. इथं लोक अंदाजानं जातात, पण गणित अगदी सोपं आहे. समजा किटच्या पिस्टनचं क्षेत्रफळ ८ चौ. सेंमी आहे आणि मास्टरची चाल २८ मिमी. पाऊण इंची म्हणजे १९.०५ मिमी बोअरचं क्षेत्रफळ २.८५ चौ. सेंमी. गुणिले २.८, म्हणजे जवळपास ८ सीसी ऑइल. भागिले ८, बेअरिंग १० मिमी सरकतं. साध्या डायाफ्राम क्लचला ८ ते १० मिमी लागतात, त्यामुळं हे जुळलं. ५/८ इंची मास्टर घेतला तर चाल ६.९ मिमी: पेडल मऊ, पण क्लच पूर्ण सुटत नाही. ७/८ इंची घेतला तर १३.६ मिमी, शिवाय पेडल छत्तीस टक्के जड. फिंगर गरजेपेक्षा आत दाबल्या जातात आणि डायाफ्राम वाकतो. तुमच्या किटचं क्षेत्रफळ पत्रकात असतं. नसेल तर पिस्टनचा बाहेरचा आणि आतला व्यास मोजून काढता येतं.

ड्रम ब्रेकच्या गाडीचा जुना मास्टर सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून तो लावायचा मोह होतो. त्यातल्या काहींच्या तोंडाशी रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवतो. ब्रेकला ते हवं असतं, क्लचला घातक. व्हॉल्व्ह काढलाय याची खात्री झाल्याशिवाय तो बसवू नका.

ऑइल डॉट ४, नव्या सीलबंद डब्यातलं. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५. आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, त्यात बेल हाउसिंगशेजारून एक्झॉस्ट गेलेला. पावसाळाभर अर्धा उघडा राहिलेला डबा वापरायचा नाही. होज एक्झॉस्टपासून लांब न्या, जमत नसेल तर उष्णतेची स्लीव्ह चढवा.

गिअरबॉक्स चढवायच्या आधी दोन्ही होज लावून फोर्कच्या भोकातून बाहेर काढा. ऑइलचा होज खालच्या तोंडाला, हवा काढायचा वरच्या. उलट लावले तर हवा वर अडकून बसते आणि कितीही वेळा निपल (हवा सोडायची बारीक तोटी) उघडलं तरी पेडल स्पंजासारखं राहतं. गिअरबॉक्स बसेपर्यंत पेडलला पाय लावू नका. समोर फिंगर नसताना एक पेडलही पिस्टन बाहेर फेकतं आणि सीलची कड कापली जाते.

चढवताना दोन लांब बोल्टांची डोकी कापून मार्गदर्शक म्हणून लावा आणि जॅकनं गिअरबॉक्स त्यावर सरळ सरकवा. वजन क्षणभरही क्लच प्लेटच्या मध्यावर लोंबकळू देऊ नका. शेवटचं पाऊण इंच बोल्टनं ओढून घ्यायचंही नाही. सरळ असेल तर तो हातानंच टेकतो. टेकत नाही म्हणजे काहीतरी अडतंय, बहुतेक वेळा होज चिमटलेला असतो.

हवा काढताना घाई नडते. मास्टर आधी टेबलावरच भरून त्यातली हवा काढून घ्या. मग वरच्या होजचं निपल उघडं ठेवून, ऑइल आपल्या वजनानं उतरू द्या. निपलातून बुडबुड्यांविना धार लागली की बंद करा. त्यानंतर सावकाश दाबणं, धरून ठेवणं, निपल उघडणं, बंद करणं, मग पाय सोडणं. भराभर पंपिंग केलं तर हवेचा फेस होतो आणि तो निघायला रात्र जाते.

पेडल स्टॉप बसवल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. मागची चाकं उचला, गिअर टाका, इंजिन बंद. एकानं पेडल हळूहळू दाबायचं, दुसऱ्यानं चाक फिरवायचं. चाक मोकळं झालं त्या जागेच्या थोडं पुढं, म्हणजे बेअरिंगकडं साधारण दीड मिमी जास्त चाल येईल इतकं, पेडल जाऊ द्या आणि तिथं स्टॉप पक्का करा. मग इंजिन चालू करून पेडल दाबा, पाच-सहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. कर्र वाजलं तर क्लच अजून सुटत नाही.

एक तक्रार उन्हाळ्यात हमखास ऐकू येते: सकाळी गाडी झकास, दुपारी छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातल्या गर्दीत वीस मिनिटं अडकली की क्लच घसरतो, थंड झाली की पुन्हा ठीक. ही प्लेटची तक्रार नाही आणि बेअरिंगचीही नाही. पेडल सोडलं तरी मास्टरचा पिस्टन पूर्ण मागं येत नाही, त्यामुळं टाकीकडं जाणारं बारीक भोक झाकलेलं राहतं. लाइनमधलं ऑइल तापून फुगतं, त्याला टाकीत जायला वाट नसते, मग ते बेअरिंगलाच पुढं ढकलतं. पुशरॉडला १ ते दीड मिमी मोकळा खेळ ठेवा. पेडलच्या टोकाशी तो सहा-सात मिमी जाणवतो. घसरायला लागल्यावर निपल क्षणभर सैल करून बघा: ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि क्लच लगेच पकडला, तर कारण हेच.

फोर्क काढल्यावर बेल हाउसिंगला जे तोंड उघडं राहतं ते रबराच्या ग्रोमेटनं बंद करा. आपल्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात पिठासारखी बारीक असते. ती होजच्या बाजूनं आत शिरते, पिस्टनच्या ओल्या कडेवर चिकटते आणि सील घासून काढते. किटमध्ये ग्रोमेट येत नाही, तो यायला हवा होता.

नंतरची देखभाल थोडीच. टाकी काठोकाठ भरू नका. प्लेट झिजेल तसं बेअरिंग मागं सरकतं आणि ऑइल टाकीत परत येतं, म्हणजे पातळी हळूहळू वाढणं हे ठीकच. उतरली तर मात्र गळती. बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकाशी ओल दिसली की बोटावर घ्या आणि पाण्याच्या थेंबात चोळा. पाण्यात विरघळलं तर ब्रेक ऑइल, बेअरिंगचा सील गेलाय. तेलकट राहिलं आणि लालसर असलं तर गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ), रिटेनरचा सील बघा. काळपट असलं तर इंजिनचा मागचा सील. गिअरबॉक्स उतरवायच्या आधीच मग कुठला सील आणून ठेवायचा ते ठरतं.